जगदेव कंडक्टरचं चोविसावं मरण

शेलूबाजारला हायवेच्या कडेला हरीओमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जानेवारीतल्या त्या सकाळी शटर अर्धं वर जातं न जातं तोच पहिलं गिऱ्हाईक आत शिरलं, पण त्याच्या हातात मोबाइल नव्हता. त्याला फक्त एक गोष्ट विचारायची होती.

“हरीभाऊ, तुह्ये बाबा या सिरियलीत कवा मरतात?”

“मले काय माहीत?”

“पन मरतीन हे पक्कं ना?”

“मरतीनच. त्यायले आजपरेंत कोनं जगू देलं?”

दोघेही पोट धरून हसले. ही थट्टा गावात जुनी होती, आणि जिच्यावर होती त्या माणसाला ती सगळ्यांपेक्षा जास्त आवडायची. तो माणूस म्हणजे हरीओमचे वडील, जगदेव. त्यांनी अठरा वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आणि नंतरची बारा वर्षं मालिका-सिनेमांत. मुंबईत त्यांच्या नावाची पाटी कधी लागली नाही, पण वाशीम जिल्ह्यात कोणत्याही लग्नात गेले की नवरदेवाच्या आधी त्यांच्याबरोबर फोटो निघायचे. नाव मात्र शेवटपर्यंत ‘कंडक्टर’ हेच राहिलं.

एसटी कामगारांच्या नाटकात त्यांनी एकदा म्हाताऱ्याचं काम केलं, ते मुंबईहून परीक्षक म्हणून आलेल्या एका दिग्दर्शकाच्या डोळ्यांत भरलं. चाळिशी उलटलेली, घरी तीन एकर शेत, एक म्हैस आणि दहावीतला मुलगा. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. बायको कस्तुराबाई मात्र एवढंच म्हणाली, “जाऊन पाहा. नाही जमलं त वापस या. म्हैस काई पळून जात नाही.” शेत तिनं सांभाळलं, म्हैस तिनं सांभाळली, पोराची बारावीही तिनंच काढली. जगदेवच्या नशिबी जी काही कीर्ती आली, तिच्यात अर्धा घाम या बाईचा आहे, हे सांगायला कोणी पत्रकार कधी त्या घरी आला नाही.

पहिली भूमिका हवालदाराची. वाक्य एकच, “साहेब आत आहेत.” मग वॉचमन झाले, पुजारी झाले, सरपंचाच्या मागे उभा राहणारा माणूस झाले. आणि एका मालिकेत नायिकेचा बाप म्हणून ते मेले. ते मरण इतकं बेमालूम वठलं, की सेटवरच्या चहावाल्यानं घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. तेव्हापासून कुठल्याही नायिकेवर संकट कोसळायचं असलं, की निर्माते जगदेवला फोन करत. बाप मेला, सासरा मेला, आजोबा मेला. जगदेव त्या कलेबद्दल अभिमानानं बोलायचे. श्वास पोटातून घ्यायचा, छाती हलू द्यायची नाही, पापणीवर माशी बसली तरी डोळा फडफडता कामा नये. गावातली पोरं अंगणात आडवी होऊन तसं करून पाहायची.

कस्तुराबाईनं मात्र नवऱ्याचं एकही मरण पाहिलं नाही. “मराच्या दिवशी अगुदर सांगजा,” ती म्हणायची, “मी म्हशीकडं जाईन.”

त्या जानेवारीत जगदेव घरी आले ते गप्प गप्प. तेविसावं मरण नुकतंच चित्रित करून आले होते. ते मार्चमध्ये दाखवलं जाणार होतं. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं होतं, पण गप्प बसायचं कारण ते नव्हतं. दोन दिवसांनी अंगणात शेंगा फोडत बसल्या बसल्या त्यांनी ते हरीओमला सांगितलं.

त्यांच्या प्रत्येक मरणानंतर एक प्रसंग ठरलेला असायचा. प्रेताशेजारी बायकोला बसवायचं, तिच्या बांगड्या दगडानं फोडायच्या, कुंकू पुसायचं. जगदेव नाकात कापूस घालून तिथेच पडलेले असत. या वेळी बांगड्या फोडायचं काम गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईला दिलं होतं. रोजंदारीवर आलेली बाई, मालिकेत तिला नावही नव्हतं. तिनं नटीचा हात धरला, दगड उचलला आणि तिचा हात लटपटायला लागला. वाकून नटीच्या कानाशी ती हळूच बोलली, “माफ कर गं बाई. माझ्यापण अशाच फोडल्या होत्या.” ते कोणालाच ऐकू गेलं नाही. फक्त खाली पडलेल्या प्रेताला ऐकू गेलं. शॉट फारच छान झाला म्हणून दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या.

“तेवीस डाव मेलो मी, हरी,” जगदेव म्हणाले. “जवा जवा मेलो तवा माह्या छातीवर काचा पडल्या. मी नुसता श्वास धरून पडलो राहो. आयकलं कवाच नाही.”

हरीओम शेंगा फोडत राहिला.

“तुह्या मोबाइलमंदी माह्यं एक रेकॉर्डिंग घे,” वडील म्हणाले. “आत्ताच.”

गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून ते खाटेवर बसले. सदऱ्याची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला. हरीओमनं मोबाइल धरला.

“मी जगदेव. पुऱ्या शुद्धीत सांगून राह्यलो. मी मेल्यावर माह्या कस्तुराच्या बांगड्या कोनी फोडाच्या नाहीत. तिचं कुंकू कोनी पुसाचं नाही. बांगड्या अन् कुंकू तिच्या अंगावर लहानपनापासून हाय, तवा मी कोठी होतो? जे माह्यासंगं आलं नाही, ते...” आणि तिथे त्यांचा गळा दाटला. त्यांनी डोळे पुसले, खाकरले. “थांब. परत घे. रडू आलं का लोक तोंडाकडं पाह्यतात, शब्द आयकत नाहीत.”

दुसऱ्या वेळी अर्ध्यावर म्हैस हंबरली. “परत घे,” जगदेव म्हणाले. तिसऱ्या वेळी मात्र सगळं नीट झालं. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ. “जे माह्यासंगं आलं नाही, ते माह्यासंगं कायले जाईन?” इतकं बोलून त्यांनी बारा वर्षांच्या सवयीनं पोराला विचारलं, “कसं? बरं आलं?”

हरीओमनं मोबाइल मधे बंद केलाच नव्हता. तिन्ही वेळा एकाच रेकॉर्डिंगमध्ये आल्या होत्या. नको तो भाग कापून टाकणं हे त्याचं रोजचं काम; गिऱ्हाइकांना तो दोन मिनिटांत करून द्यायचा. करू सावकाश, त्याला वाटलं. आता काय घाई आहे?

होळीला जगदेव पुन्हा घरी आले. धुळवडीच्या दुसऱ्या सकाळी चहा पिऊन झाल्यावर खाटेवर आडवे झाले आणि गेले. कस्तुराबाई अंगण झाडत होती. तिनं हाक मारली, उत्तर आलं नाही. जवळ येऊन पाहिलं तर डोळे मिटलेले, छाती स्थिर. “सकाळी सकाळी नाटकं करू नका बापा,” ती म्हणाली आणि पुढचं अंगण झाडायला गेली. जगदेवला अशी लहर यायची, ते घरीही सराव करायचे. दहा मिनिटांनी तिनं परत येऊन पायाला हात लावला, तेव्हा पाय गार पडला होता. ती दहा मिनिटं त्या बाईच्या मनातून आयुष्यभर जाणार नाहीत.

दहा वाजेपर्यंत अंगण माणसांनी भरलं. मानोऱ्याहून नातेवाईक आले, जऊळक्याचे आले. तिरडी बांधून झाली. जगदेवचे थोरले भाऊ इंद्रभान सगळं पाहत होते. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. बायकांमधून रंगूबाई पुढे आली. सत्तरी ओलांडलेली, जगदेवची चुलती. भावकीत कोणी गेलं की हे काम तिचंच असायचं, कारण ज्या बाईचं स्वतःचं सगळं गेलं तिनंच दुसरीचं काढायचं, असा तिथला रिवाज. तिच्या हातात दगड होता.

“थांबा,” हरीओम म्हणाला. “बाबानं सांगून ठेवलं हाय.”

त्यानं मोबाइल काढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि हात वर धरला. प्रेत समोर पडलेलं आणि त्याचाच आवाज अंगणात घुमायला लागला. ‘मी जगदेव. पुऱ्या शुद्धीत सांगून राह्यलो...’ माणसं थिजली. बायकांनी तोंडाला पदर लावला. रंगूबाईचा दगडाचा हात खाली आला. त्या एका मिनिटात गावातली शेकडो वर्षांची रीत मोडली असती, इतकी शांतता होती.

मग आवाज दाटला, आणि मोबाइलमधले जगदेव म्हणाले, ‘थांब. परत घे.’

मागच्या बाजूला कोणीतरी कुजबुजलं. हरीओमनं घाईनं रेकॉर्डिंग पुढे सरकवायला बोट लावलं, पण हात घामेजला होता, बोट सरकलं नाही. म्हैस हंबरली. ‘परत घे.’ आता माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. खरी गोष्ट शेवटी आली, खणखणीत आवाजात, एकेक शब्द वेगळा. पण तोवर कोणी शब्द ऐकत नव्हतं. आणि सगळ्यांत शेवटी ते आलं. ‘कसं? बरं आलं?’

“अरे, हे त शूटिंग होय,” एक जण म्हणाला.

“मंग! मरता मरता बी डायलॉग मारून गेला कंडक्टर.” बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसतही होता. त्यात कपट नव्हतं. बारा वर्षं त्यांनी या माणसाला पडद्यावर पाहिलं होतं. त्याचं खोटं मरण त्यांना खरं वाटायचं, आणि आता त्याचं एकमेव खरं बोलणं त्यांना नाटक वाटलं. चांगलं होईपर्यंत परत परत करायचं, ही त्या माणसाच्या धंद्यातली शिस्त. तिनंच त्याचा घात केला.

“शूटिंग नोहे मोठेबाबा,” हरीओम म्हणाला. “मी सोता...”

इंद्रभाननं त्याला खांद्याला धरून बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, आणि बोलण्यात राग नव्हता, समजूत होती, हेच वाईट. “हरी, ऊन चढून राह्यलं. असं वाकडं केलं त भावकी उठून जाईन. मंग तुह्या बापाले खांदा कोन देईन? चार मानसं लागतात. तू एक. बाकीचे तीन कोन?”

हरीओमनं अंगणाकडे पाहिलं. माणसं खरोखरच चपला शोधायला लागली होती.

“सगळ्यायसमोर सांगून टाक,” इंद्रभान आता मोठ्यानं म्हणाले. “शूटिंग होय का नाही?”

प्रेताच्या उशाशी बसलेल्या कस्तुराबाईनं त्या सकाळी पहिल्यांदाच मान वर केली आणि मुलाकडे पाहिलं.

“हो,” हरीओम म्हणाला. “शूटिंग होतं.”

तिनं मान खाली घातली. रंगूबाई पुढे आली. होळीला भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, एकेका हातात डझनभर. दगड लागला तशा काचा उडाल्या, काही जगदेवच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडल्या. डाव्या मनगटात एक तुकडा घुसला आणि रक्त आलं. कुंकू पुसलं तेव्हा कपाळावर लाल फराटा राहिला, तो रंगूबाईनं आपल्या पदरानं साफ केला. कस्तुराबाईच्या तोंडून आवाज निघाला नाही. तिरडी उचलायला चार नव्हे, चाळीस माणसं पुढे झाली.

तेरवी झाल्यावर तीन दिवसांनी जगदेवचा शेवटचा भाग टीव्हीवर लागणार होता. संध्याकाळी साडेसातला सगळी आळी त्यांच्याच घरी जमली. कंडक्टरचं शेवटचं काम कंडक्टरच्या घरी पाहायचं, यात लोकांना मान वाटत होता. कस्तुराबाई आतल्या खोलीत होती. सव्वा महिना तिनं चारचौघांत तोंड दाखवायचं नव्हतं.

पडद्यावर जगदेव मेले. बेमालूम मेले. मग त्या नटीला शेजारी बसवलं आणि ती थरथरणारी म्हातारी दगड घेऊन आली. पहिली बांगडी फुटली तशी घरातल्या बायका हमसून रडायला लागल्या. रंगूबाई सगळ्यांत पुढे बसली होती, ती हात वर करून टीव्हीलाच शिव्या द्यायला लागली. “मुर्दे हो, सोडा तिले! आत्ता नवरा गेला तिचा, अन् हात धरून राह्यले! काही दया हाय का नाही?”

खोटं बोलत नव्हती ती. तिचे अश्रू खरे होते. ज्या बाईचे हात तिनं स्वतः सोलून काढले ती दहा पावलांवर भिंतीआड बसली आहे, हे त्या घटकेला तिच्या ध्यानातच नव्हतं. आपण असेच आहोत. पडद्यावर रडतो आणि अंगणात दगड उचलतो.

हरीओमला तिथे उभं राहवेना. तो आतल्या खोलीत गेला. आई कोपऱ्यात बसली होती, उघडी मनगटं पदराखाली झाकून. बाहेरून टीव्हीचा आवाज येत होता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“माय, मी खोटं बोललो. थे शूटिंग नव्हतं.”

“मले माहीत हाय.”

“कसं?”

“मी गोठ्यातच होती तवा. भिंतीमांगं. तिन्ही डाव आयकलं.” तिनं पदर मनगटांवर ओढला. “पैल्या डावाले लय चांगलं बोलले होते ते. रडू आलं म्हनून उगीच थांबले.”

“मंग तू काहून नाही बोलली माय? तू बोलली असती त...”

“मले कोनं इचारलं?”

तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत होती, भाकरीला पीठ संपलं म्हणून सांगावं तसं.

“सगळे मोबाइलले इचारत होते. मंग मोठ्या भावजीनं तुले इचारलं. बांगड्या माह्या हातात होत्या, हरी. मी तठीच बसली होती.”

तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, पण ‘असू दे’ असं काही ती म्हणाली नाही. आणि म्हणायला तरी का हवं होतं? व्हिडिओ दाखवणारा हरीओम स्वतःला सुधारक समजत होता. बापाची इच्छा, भावकीची रीत, भाऊबंदांचा खांदा, या सगळ्याचा त्यानं विचार केला होता. आई काय म्हणते हे विचारायचं त्यालाही सुचलं नव्हतं.

जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत आळीतला लखीराम मोटरचा करंट लागून गेला. चौतिशीतला माणूस. बायको वैभवी, पदरात दोन वर्षांची मुलगी. हरीओम दुकानात होता, निरोप मिळाला तसं त्यानं शटर ओढलं. शेजारच्या टायरच्या दुकानातल्या मुबश्शिरला तो म्हणाला, “गावात मयत हाय. खांद्याले मानसं लागतीन. येतं का?” मुबश्शिरनं कारण विचारलं नाही, आपल्या भावाला, शहबाजला हाक मारली आणि दोघं मोटारसायकलवर त्याच्या मागे निघाले.

अंगण तसंच भरलेलं. तशीच तिरडी, तेच इंद्रभान, तीच रंगूबाई. वैभवी भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा उजवा हात रंगूबाईनं धरला होता. हरीओम गर्दीतून पुढे गेला आणि तिच्यापासून दोन हातांवर खाली बसला. भाषण त्यानं पाठ केलं नव्हतं. वडिलांचा व्हिडिओही काढला नाही.

“वयनी,” तो म्हणाला, “तुमाले इचारतो. बांगड्या फोडाच्या का?”

अंगणात कोणाला कळलंच नाही, तो काय म्हणाला ते. मग इंद्रभान कडाडले. “तिले काय इचारतं बे? तिले शुद्ध तरी हाय का? खांदा कोन देईन, तुह्या बापाच्या वक्तीच सांगतलं होतं...”

“मी मानसं घेऊन आलो मोठेबाबा.” त्यानं दाराकडे बोट केलं. “मुबश्शिर हाय, शहबाज हाय, मी हावो. अन् लखीरामचा भाऊ हाय. झाले चार. ज्याले जाचं त्यानं जा. पन अगुदर तिले बोलू द्या.”

कोणी गेलं नाही. वैभवी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत राहिली, जणू तिला भाषाच समजत नव्हती. मग तिनं रंगूबाईच्या मुठीतून आपला हात हळूच सोडवून घेतला, पदराखाली, पोटाशी धरला.

“नको,” ती म्हणाली.

रंगूबाई दगड हातात धरून बराच वेळ बसून राहिली. “नको म्हनते थे,” शेवटी ती भसाड्या आवाजात म्हणाली. “आयकलं ना सगळ्यानं?” आणि तिनं दगड भिंतीच्या कडेला ठेवून दिला. इंद्रभान चपला घालून निघून गेले, त्यांच्यामागे पाच-सहा जण गेले. बाकीचे थांबले. लखीरामची तिरडी वेळेवर उठली.

हरीओम आंघोळ करून घरात आला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. कस्तुराबाई ओसरीत तूर निवडत बसली होती. गावात झालेलं तिच्या कानावर आलंच असणार, पण तिनं तिकडचं काही काढलं नाही. त्याला पाणी दिलं, परत सुपापाशी बसली. मान वर न करता तिनं विचारलं, “तू इचारलं तिले?”

“हो.”

“काय म्हनली?”

“नको म्हनली.”

कस्तुराबाईची सुपातली बोटं थांबली.

“मीबी तेच म्हनली असती,” ती म्हणाली.